धुराड्यातून गळणारं डांबर

प्रश्न : महाबळेश्वरला लिंगमळ्याच्या बाजूला आमचं घर आहे, त्यातल्या दोन खोल्या पर्यटकांना देतो. गेल्या दिवाळीत साताऱ्याच्या एका वेल्डिंगवाल्याकडून हॉलमध्ये लोखंडी शेगडी करून घेतली. पुढं दार, खाली हवेची झडप, वर सहा इंची पाइप, तो पत्र्यातून बाहेर काढलाय. रात्री पाहुणे झोपले की आम्ही ती ओंडक्यांनी गच्च भरतो आणि झडप जवळजवळ बंद करतो, म्हणजे सकाळपर्यंत धग राहते. पण पाइपच्या सांध्यातून काळं चिकट पाणी गळतं, फरशीवर डाग पडलेत. मागच्या आठवड्यात पहाटे काटक्या टाकून झडप उघडली, तर पाइपमधून विमानासारखा आवाज यायला लागला आणि वरचा बेंड लालसर झाला. दहा मिनिटांनी शांत झालं. मिस्टर म्हणतात, बरंच झालं, आतलं डांबर जळून पाइप साफ झाला. शेगडी किती तापली म्हणजे ठीक आणि किती म्हणजे धोका?
— एक वाचक, महाबळेश्वर

उत्तर : ताई, त्या पहाटे तुमच्या धुराड्याला आग लागली होती. पाइप उतरवून, आतून बघून होईपर्यंत शेगडी पेटवू नका, पाहुण्यांनी कितीही आग्रह केला तरी. अशा आगीनंतर उरलेला थर पापडासारखा फुगतो आणि पाइप अर्धा बुजवून बसतो. मिस्टरांना तो हातात घेऊन दाखवा, मग साफ झाल्याचं बोलू.

मी सांगलीकडच्या एका फाउंड्रीत चौतीस वर्षं भट्टीवर काढली. वितळलेल्या लोखंडाच्या रसाच्या रंगावरून तापमान सांगायची आम्हाला मोठी मिजास. भट्टीचं तापमान मोजणारा पायरोमीटर आला त्या दिवशी मी पैज लावली आणि पन्नास अंशांनी हरलो. तरी चौदाशेच्या आसपास पन्नास अंश म्हणजे फार नाही. घरच्या शेगडीत मात्र डोळ्याचा काही उपयोग नाही. लोखंड अंधारात पहिल्यांदा मंद लाल दिसतं ते ५२५ अंशांच्या सुमाराला. तुमच्या शेगडीचं सगळं बरंवाईट त्याच्या बरंच खाली ठरतं, आणि तोवर पाइप काळाच दिसतो.

आता आकडे, सगळे सेल्सिअसमध्ये. शेगडीच्या वर दीड फुटावर एकेरी, म्हणजे एकाच पत्र्याच्या, पाइपचा बाहेरचा पत्रा १२० ते २४० अंशांत राहिला पाहिजे. आतला धूर त्याच्या जवळपास दुप्पट गरम असतो. शेगडीचा वरचा पत्रा २०० ते ३२० पर्यंत चालतो. ३७० च्या पुढं गेला तर हवा कमी करा, नाहीतर पत्रा वाकतो आणि वेल्डिंग उकलतं. पाइपला चुंबकानं चिकटणारं डायलचं थर्मामीटर मिळतं, ते घ्या. त्यावर २५० ते ४७५ असा पट्टा दिसला तर घाबरू नका, तो फॅरनहाइटचा आहे, गोष्ट एकच.

सगळे वरच्या आकड्याला भितात. तुमचं दुखणं खालच्या आकड्याचं आहे. लाकडातून निघणारा धूर नीट जळायला शेगडीच्या पोटात, जाळाशी, सहाशेच्या आसपास तापमान लागतं. तुम्ही ओले ओंडके कोंबून हवा बंद करता, तेव्हा जाळ मरतो, धूर तसाच वर जातो आणि थंड पाइपला लागून थिजतो. त्यालाच क्रिओसोट म्हणतात. हातभट्टीत दारू गाळतात तसं तुम्ही रात्रभर ओंडक्यांतून डांबर गाळताय. त्यात डिसेंबरात वेण्णा लेकच्या काठी दव गोठतं तुमच्याकडं, म्हणजे छपरावरचा एकेरी पाइप किती गार पडत असेल! मग पहाटे काटक्यांचा जाळ झाला की त्या डांबराला ठिणगी मिळते आणि धुराड्याच्या आत हजार अंशांच्या वर आग जाऊ शकते.

हे शहाणपण मला आधी नव्हतं, ते कबूल करतो. माझ्या बहिणीचं घर मेढ्याच्या वरच्या अंगाला आहे. तिथल्या शेगडीबद्दल मीच सांगितलं होतं, ‘मंद ठेव, जाळ कमी तर धोका कमी.’ फाउंड्रीतला माणूस म्हणून माझा शब्द कुणी मोडला नाही. फेब्रुवारीत पाइप उतरवला तर सहा इंची पाइपात जेमतेम तीन इंचांचं भोक उरलेलं, भोवती काचेसारखा काळा थर. खरडायला मला अर्धा दिवस लागला. दाजी शेजारी उभे राहून एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

तेव्हा रात्रभर धग राखायचा हट्ट सोडा. संध्याकाळी थोडं थोडं जळण घालून चांगला जाळ ठेवा, झोपायच्या आधी नुसते निखारे उरू द्या, आणि पाहुण्यांना दोन जाड रग जास्त द्या.

जळण कोरडं हवं. ताज्या लाकडाच्या वजनात निम्मं पाणीच असू शकतं. ते वीस टक्क्यांच्या खाली आलं पाहिजे. दोन तुकडे एकमेकांवर आपटा. टणटणीत वाजले तर वाळलेत, थप्प आवाज आला तर नाहीत. टोकांना चिरा पडलेल्या दिसल्या पाहिजेत. तुमच्या पावसात लाकूड वाळायचं नाव घेत नाही, त्यामुळं माण-खटावकडची वाळलेली बाभूळ फोडून आणलेली परवडेल. ती छपराखाली रचा, बाजू मोकळ्या ठेवा. प्लॅस्टिकात गुंडाळलीत तर आतल्या आत घाम धरते.

थर्मामीटर येईपर्यंत तव्याची परीक्षा आहेच. शेगडीच्या माथ्यावर पाण्याचा एक थेंब सोडा. नुसता चुर्र झाला तर अजून गार आहे. गोळी होऊन नाचायला लागला तर दोनशेच्या आसपास आलं. एकच थेंब बरं का, तांब्या ओतू नका. दुसरी परीक्षा आमच्या धंद्यातली: पाइपवर रुपयाएवढी जागा पॉलिश पेपरनं घासून चकचकीत करा. ती वाळल्या गवतासारखी पिवळी पडली तर पत्रा २२०-२३० पर्यंत गेला होता, निळी झाली तर ३०० पर्यंत. तुम्ही झोपेत असताना काय झालं, ते सकाळी तो ठिपका सांगतो. लांबून तापमान मोजणारी लेझरची बंदूक मिळते, पण चकचकीत पत्र्यावर ती खरं तापमान सांगत नाही, कमीच दाखवते. काळा, खरबरीत भाग बघून तिथं धरा.

पाइप पांढरा, जस्ताचा मुलामा दिलेला असेल तर बदलाच. तो मुलामा दोनशेच्या पुढं टिकत नाही, ४२० ला जस्त वितळतं. फाउंड्रीत पितळ ओतलं की जस्ताच्या धुरानं संध्याकाळी हुडहुडी भरून ताप यायचा, तो अजून आठवतोय. जाड काळ्या पत्र्याचा पाइप घ्या. लाकूड, प्लायवूड, पडदा यांपासून शेगडी तीन फूट आणि पाइप दीड फूट लांब हवा. छपरातून पाइप जातो तिथं वासा किंवा लाकडी रीप चिकटलेली नाही ना, हे मिस्टरांना शिडी लावून बघायला सांगा. रोज तापून लाकूड आतून कोळशासारखं होत जातं आणि मग पूर्वीपेक्षा कमी उष्णतेलाही पेट घेतं.

झडप मिटवलेल्या धुमसत्या शेगडीतून कार्बन मोनॉक्साइड जास्त निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. पाहुणे झोपतात त्या खोल्यांत त्याचा अलार्म लावा, आणि थंडीतही एक खिडकी बोटभर उघडी ठेवा.

पुन्हा तो आवाज आलाच तर दार उघडायचं नाही, झडप पूर्ण बंद करायची, सगळ्यांना बाहेर काढायचं आणि १०१ ला फोन करायचा. तापल्या लोखंडावर पाणी मारायचं नाही.

प्रश्न : एप्रिलच्या छाटणीनंतर द्राक्षाच्या काड्यांचा ढीग पडतो. त्या घरच्या बंबात आणि शेगडीत जाळल्या तर चालतील का?
— एक बागायतदार, तासगाव

उत्तर : वाळल्या असतील तर पेटवणीला मूठभर घाला. भारा कोंबू नका. बारीक जळण एकदम भडकतं आणि पाइप पाच मिनिटांत २४० च्या पार जातो. नुकतीच फवारणी झालेल्या काड्या घरात आणूच नका. मांडवाचे रंग दिलेले खांब आणि डांबर फासलेली लाकडंही नकोत. उरलेल्या काड्यांचा चुरा करून बागेतच टाका, बागेला तेवढं खत होईल.