‘वर्ष तं वायाच गेलं, मॅडम’

डिसेंबर सरत आला की माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्यांच्या तोंडी हे वाक्य हमखास असतं. कुणाच्या घरी वाटणीवरून भांडणं झालेली असतात, कुणाची भरती हुकलेली असते, कुणाच्या मुलीची सोयरीक मोडलेली असते. कित्येकांना तर बोट ठेवून सांगता येईल असं काहीच घडलेलं नसतं, तरी वर्ष हातचं गेल्यासारखं वाटतं. मग दबक्या आवाजात पुढचा प्रश्न येतो: असं वाटणं म्हणजे आजार आहे का? यावर सरसकट हो किंवा नाही असं उत्तर नसतं, म्हणून या हंगामातली एक केस सांगते. ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत.

त्याला गजू म्हणू. वय ३३, गाव यवतमाळ जिल्ह्यातलं. घरी पाच एकर कोरडवाहू, मोठा भाऊ, वहिनी, त्यांची शाळेत जाणारी मुलगी, आई आणि डोळ्यांनी अधू झालेला बाप. बी.ए. झालाय, पोलीस भरती करून पाहिली, आता शेतीच करतो. लग्न जमलेलं नाही. पाहायला जायचं, चहा-पोहे व्हायचे आणि ‘पोट्टा काय करते?’ या प्रश्नाशी गाडी अडायची. ‘कास्तकार’ म्हटलं की पुढचा निरोप यायचाच नाही. विदर्भातल्या कोणत्याही गावात असे दहा-वीस गजू सापडतील.

त्याला घेऊन आली त्याची वहिनी. तालुक्याला बाजाराचा दिवस होता, तिच्या हातात भाजीची थैली होती. तीच आधी बोलली. ‘‘भाऊजी पयले लय बोलत. आता जेवाले बसले तरी मान वर करत नाईत. पोरगी ‘काका, काका’ करत जाते, तं तिच्यावर वसकतात. रातच्याले दोन-तीन वाजता अंगणात बसून असतात.’’ गजू भिंतीकडे पाहत होता. वहिनीला बाहेर बसायला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, ‘‘तसं काई नाई मॅडम. वर्ष तं वायाच गेलं, बस एवढंच.’’

आत्महत्येचा विचार येतो का, हे मी सरळ विचारते. विचारल्याने माणसाच्या डोक्यात तो विचार घुसतो, हा समज चुकीचा आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून पुष्कळांना हलकं वाटतं. गजू बराच वेळ थांबला. ‘‘मरावं असं नाई वाटत. पन रातच्याले झोपलो की सकाळ होऊच नये, असं वाटते.’’ हे वाक्य हसण्यावारी न्यायचं नसतं. बाकी बोलणं पुढे ढकलून आधी वहिनीला आत बोलावलं, गजूला विचारूनच, आणि फवारणीचं औषध घरात कुठे असतं ते विचारलं. पडवीत, खाटेखाली! ते त्याच दिवशी कुलुपात गेलं पाहिजे आणि किल्ली तिच्याकडे राहिली पाहिजे, एवढं पक्कं करून घेतलं. कपाशीच्या पट्ट्यात हे मी प्रत्येक घराला सांगते. टोकाची लाट पुष्कळदा थोड्या वेळात ओसरते. तेवढ्या वेळात विष हाताशी नसणं हाच मोठा आधार असतो.

नंतर नऊ प्रश्नांचा कागद भरला. झोप, भूक, थकवा, कशात मन न लागणं, स्वतःविषयी वाईट वाटणं, असे मागच्या दोन आठवड्यांतले प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण. बेरीज १० किंवा जास्त झाली की नीट तपासणी व्हायला हवी असं आम्ही धरतो. गजूची तशी झाली. जिल्ह्याच्या मनोविकार डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी तपासून सांगितलं की गोळ्या लगेच नकोत, बोलणं सुरू ठेवा, दोन आठवड्यांनी परत दाखवा. म्हणजे ‘आजार आहे का’ या प्रश्नाचं गजूपुरतं उत्तर होतं: आजाराच्या उंबरठ्यावर, आणि वेळेत आलाय.

आता त्या ‘वाया गेलं’कडे येऊ.

गजूचा हिशेब ऐकण्यासारखा होता. सोयाबीन ऑगस्ट-सप्टेंबरच्या पावसात भिजलं. २०२५-२६चा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये, पण ओल जास्त म्हणून त्याच्या मालाला त्याहून बराच कमी भाव मिळाला. सोयरीक जमली नाही. बापाच्या आजारात पैसा गेला. आणि वर फोन! दहावीच्या २००८च्या बॅचचा ग्रुप. एकाने पुण्यात फ्लॅट घेतला, एकाला दुसरं मूल झालं, एकाने नव्या गाडीला हार घातलेला फोटो टाकला, आणि डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी सगळ्यांनी हुरड्याला जमायचं ठरलं. ‘‘तिथं जाऊन का सांगू? का सोयाबीन भिजलं म्हनून?’’

लिओन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली मांडलं होतं की माणूस स्वतःला तोलतो ते आपल्यासारख्यांशी. मुंबईच्या शेठजीचा बंगला गजूला टोचत नाही. एका बाकावर बसून ज्याने त्याची गणिताची वही उतरवली, त्याचा दोन खोल्यांचा फ्लॅट टोचतो. त्यात भर म्हणजे त्या ग्रुपवर कुणी हप्ता थकल्याचा फोटो टाकत नाही.

मी विचारलं, ‘‘वर्ष कधी संपलं?’’

‘‘संपलंच ना आता. एकतीस तारखेले.’’

‘‘तूर निघाली?’’

‘‘नाई. शेंगा भरून राह्यल्या.’’

‘‘पऱ्हाटी?’’

‘‘दोन वेचे झाले. तिसरा बाकी हाय.’’

‘‘हरभरा?’’

‘‘तो तं आता फुलावर येईन.’’

‘‘मग हिशेब कशाचा लावतोस बाबा?’’ पहिल्यांदा तो किंचित हसला. आपल्याकडे सालदाराचं सालसुद्धा पाडव्याला फिरतं. अर्धं पीक वावरात उभं असताना वर्षाची बेरीज मांडायची ही रीत गजूच्या आजाला पटली नसती. एकतीस डिसेंबर बँकेतल्या आणि कंपनीतल्या माणसालाही हिशेबाचा दिवस म्हणून फारसा कामाचा नाही, त्यांचं वर्षही मार्चमध्ये संपतं! पण फोनवर सगळे त्याच दिवशी वर्षाला निरोप देतात, म्हणून आपणही तराजू घेऊन बसतो.

दुसरी अडचण अशी की उदास मनाला उदास गोष्टीच आधी आठवतात. गॉर्डन बोवर या मानसशास्त्रज्ञाने १९८१मध्ये मनःस्थिती आणि आठवण यांच्यावरचे आपले प्रयोग मांडले, तेव्हापासून आमच्या धंद्यात हे धरून चालतात. गजू करत होता ते झडीत भिजलेल्या सोयाबीनची ओल मोजून तोच आकडा बाराही महिन्यांच्या नावावर टाकण्यासारखं होतं. म्हणून ‘चांगल्या गोष्टी आठव’ असं मी त्याला सांगितलं नाही. त्या अवस्थेत माणसाला आठवतच नाहीत, आणि आठवत नाहीत म्हणून तो आणखी खचतो. मी सांगितलं, ‘‘घरातलं कॅलेंडर घेऊन ये.’’

पुढच्या वेळी तो गुंडाळी करून कॅलेंडर घेऊन आला. तेलकट, खिळ्याच्या भोकाशी फाटलेलं. प्रत्येक चौकटीत निळ्या पेनाने बारीक अक्षर होतं, सगळं वहिनीच्या हातचं. दूध किती घातलं. गॅस कधी लावला. गाय कधी भरवली. बचतगटाचा हप्ता. फेब्रुवारीपासून मध्येमध्ये ‘बाबा - दवाखाना - गजूभाऊजी’ अशी नोंद. आम्ही एकेक पान उलटत गेलो. एप्रिलमध्ये ‘बाबा डोळा ऑपरेशन’ आणि त्यापुढे ओळीने ‘थेंब’, ‘थेंब’, ‘थेंब’. डोळ्यांत औषध कोण घालायचं, विचारलं. ‘‘मीच. दादाचा हात थरथरते.’’ जूनमध्ये पेरणी, आणि पाऊस ताणला म्हणून पुन्हा पेरणी. जुलैच्या एका चौकटीत ‘छकुली सायकल’. ते काय? पुतणीला सायकल शिकवली होती, शाळेच्या मैदानात, आठवडाभर, संध्याकाळी. पोळ्याच्या चौकटीत काहीच लिहिलेलं नव्हतं. गजू स्वतःहून बोलला, ‘‘त्या दिवशी बैल सजवला होता म्या. बाबा बाहेर खुर्ची टाकून बसले होते. शिंगाचा रंग कोन्ता हाय ते त्यायनं ओळखलं.’’

हे वर्षाच्या हिशेबात का नाही, असं मी विचारलं नाही. तो स्वतःच बराच वेळ त्या पानावर बोट ठेवून बसला होता.

इथे एक सांगते. कॅलेंडर पाहून गजूचं कर्ज फिटलं नाही, लग्न जमलं नाही. ज्या वर्षात घरातलं माणूस गेलं किंवा वावर खरडून गेलं, त्या वर्षाला वाईट वर्षच म्हणावं. अशा माणसाला ‘त्यातूनही काहीतरी चांगलं बघा’ सांगणाऱ्यांचा मला राग येतो. पण वाईट वर्ष वेगळं आणि वाया गेलेलं वर्ष वेगळं. पिकाचं नुकसान झालं हे खरं. माणूस वर्षभर काहीच कामाचा नव्हता, हे त्यातून निघत नाही.

मित्रांचा मामला वेगळा निघाला. ‘सगळे तुटले’ असं तो म्हणायचा. खोदून विचारलं तर तुटलेला एकच होता, वर्गातला जिगरी, आता चाकणला कंपनीत. बापाच्या ऑपरेशनच्या वेळी गजूने त्याच्याकडे वीस हजार उसने मागितले होते. ‘पाह्यतो’ म्हणाला आणि नंतर फोनच नाही. एका माणसाची सल पंचवीस जणांवर पसरली होती. अशा वेळी मी जुना हिशेब काढू नका म्हणते, नुसती खबर द्या. गजूने लिहिलं: ‘बाबाचं डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, आता दिसते.’ तीन दिवस काही नाही. मग नुसता अंगठा आला. गजू चिडून मला म्हणाला, ‘‘पाह्यलं?’’ त्यानंतरच्या आठवड्यात एका रात्री फोन आला, तासभर चालला. त्या दिवसांत कंपनीने त्यालाच ब्रेक दिला होता, सांगायची लाज वाटली, असं तो म्हणाला. गजूला ते कितपत पटलं? ‘‘खरं असंल बी, नसंल बी.’’ एवढंही मला पुरेसं वाटलं. हुरड्याला मात्र तो गेला नाही. मीही जा म्हटलं नाही.

रोजच्या दिवसासाठी एकच ठरवलं. मन लागेल तेव्हा काम करीन, असं म्हणत बसायचं नाही. मन लागो न लागो, सकाळी बापाला धरून मारुतीच्या पारापर्यंत न्यायचं आणि जेवताना पोरीला शाळेचं विचारायचं. काम आधी, मन मागून येतं. उदासीवरच्या उपचारात ही नेहमीची रीत आहे आणि ती चालवायला दर वेळी मोठा डॉक्टर लागत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच काही माणसांना शिकवलं आणि त्यांनी बाकीच्यांना उदासीविषयी बोलतं केलं. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणारे आधी ४.३ टक्के होते, ते २७.२ टक्क्यांवर गेले. २०१७मध्ये हे प्रसिद्ध झालं. ‘गावात असल्या गोष्टीसाठी कोन येते?’ असं विचारणाऱ्यांना मी हा आकडा सांगते.

तुमच्या घरी कुणी असं बोलत असेल, तर दोन आठवड्यांची खूण लक्षात ठेवा. वर्षअखेरीची हुरहुर दोन-चार दिवसांत कामाच्या रगाड्यात विरते. झोप मोडते आहे, जेवण कमी झालंय, आवडीच्या गोष्टीत मन नाही, आणि हे रोज, दोन आठवडे, तर दाखवायला न्या. ‘सकाळ होऊ नये’ सारखं काही कानावर आलं तर दोन आठवडेही थांबू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे. फुकट आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.

गजू जानेवारीत पुन्हा येऊन गेला. झोप चारपर्यंत लागते म्हणाला. तूर सोंगायची होती, म्हणून घाईत होता. नऊ प्रश्नांची बेरीज खाली आली आहे, पण डॉक्टरांकडे जाणं सुरू ठेवायला सांगितलंय. पुढच्या महिन्यात दारव्ह्याकडचं एक स्थळ पाहायला जायचं आहे. पोटात गोळा येतो म्हणाला, तर त्यावर थोडं बोललो.

कॅलेंडर परत देताना एक गोष्ट मी वहिनीला दाखवली होती. बाराही पानांवर सासऱ्यांचा डोळा आहे, गाय आहे, पोरीचा ताप आहे, भाऊजीचा दवाखाना आहे. तिच्या स्वतःच्या नावाची एकही चौकट नाही. तेव्हा ती ‘‘माह्यं का असते मॅडम’’ म्हणून हसली होती. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. गजूचं सगळं सांगून झालं आणि मग म्हणाली, बाजाराच्या दिवशी माह्यासाठी अर्धा तास निघेल का? तिला साडेअकराची वेळ दिली आहे.