एक टन की दीड टन? आधी स्लॅबला हात लावून बघा

होळी झाली की या सदराला येणारे निम्मे प्रश्न एसीचेच असतात. यावेळी चार घेतलेत, पहिल्यालाच जास्त जागा दिलीय कारण तसाच प्रश्न बऱ्याच जणांचा आहे.

प्रश्न : दादा, आमचा डोंबिवलीत वन बीएचके आहे, चौथा मजला, वर गच्ची. बेडरूम १० बाय १२, खिडकी पश्चिमेला. दुकानदार म्हणतो १२० स्क्वेअर फूट म्हणजे एक टन बास. आमचे हे म्हणतात घ्यायचाच तर दीड घेऊ, मोठा कधीही चांगला. आम्ही दोघं आणि ७ वर्षांची मुलगी झोपतो. कोणाचं ऐकू?

ताई, तुमच्या खोलीला दीड टनच घ्या, पण "मोठा कधीही चांगला" म्हणून नाही, ते आधी डोक्यातून काढून टाका, खाली सांगतो का.

दुकानदाराचा ठोकताळा तसा ठीक आहे. १२० फुटापर्यंत एक टन, तिथून १८० पर्यंत दीड, त्याच्यापुढे दोन. पण हा ठोकताळा मधल्या मजल्यावरच्या, दहा फूट उंचीच्या, फार ऊन न येणाऱ्या खोलीचा आहे. तुमची खोली आधीच काठावर, त्यात वर उघडी गच्ची आणि दुपारभर पश्चिमेचं ऊन. एक करा, आज रात्री दहा वाजता स्टुलावर चढा आणि छताला तळहात टेकवा. मग हॉलमध्ये येऊन आतल्या बाजूच्या, ऊन न लागणाऱ्या भिंतीला लावा. छत कोमट लागेल, कधीकधी चांगलं गरम. स्लॅब दिवसभर ऊन पिते आणि काही तास उशिरा आत सोडते, म्हणजे तुम्ही झोपायला जाता तेव्हाच तिची गरमी उतरत असते. एक टनवाला एसी तिथे रात्रभर धापा टाकत राहील, कॉम्प्रेसर थांबणारच नाही आणि बिल दीड टनाएवढंच येईल.

टन म्हणजे एसीचं वजन नाही हे अजून बऱ्याच जणांना माहीत नसतं. पूर्वी बर्फाने थंडावा करायचे, तर एक टन बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेईल तेवढी ओढायची ताकद म्हणजे एक टन. (तो अमेरिकन टन, आपल्या हिशोबाने ९०७ किलो.) आजच्या भाषेत सुमारे ३५१७ वॉट. म्हणून दीड टन म्हणजे ५२७५ वॉट व्हायला पाहिजे, पण स्टार लेबलवर कूलिंग कपॅसिटीचा आकडा बघा, दीड टन म्हणून विकले जाणारे कित्येक एसी ४७००-४८०० वर असतात आणि काही ५२०० च्या आसपास. दोघांच्या खोक्यावर दीड टनच लिहिलेलं! किंमत जवळपास सारखी असेल तर वॉट जास्त असलेला घ्या. दुकानात दहापैकी नऊ जण हा आकडा वाचतच नाहीत आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण लेबलवर तो छापलेला असतो, वाचायला पैसे पडत नाहीत.

आता मोठा का नको ते. आईच्या खोलीत मी स्वतःच्या हाताने ही चूक केलीय. ठाण्याला दुसऱ्या मजल्यावरची १० बाय ९ ची खोली, ऊन नाही काही नाही, आणि मी हौसेने दीड टन लावला, तोही इन्व्हर्टर नसलेला (इन्व्हर्टर एसी म्हणजे गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा, बॅटरीवाला इन्व्हर्टर नव्हे). खोली पाच-सात मिनिटांत गार व्हायची आणि कॉम्प्रेसर बंद. पण आपल्याकडे मुंबई-ठाण्याला त्रास नुसत्या गरमीचा नसतो, दमटपणाचा असतो, आणि हवेतलं पाणी निघायला आतली कॉइल बराच वेळ सलग थंड राहावी लागते. कॉम्प्रेसर लवकर बंद झाला की कॉइलवर जमलेलं पाणी पंख्याच्या हवेने परत खोलीत. आई म्हणायची गार वाटतंय पण अंग चिकट आहे, चादर ओली लागते. मी तापमान अजून खाली करायचो. पावसाळ्यानंतर कपाट सरकवलं तर मागे भिंतीवर ताटाएवढी काळी बुरशी, आणि आईला तेव्हा खोकला लागलेला होता. तो एसी काढून एक टनाचा लावला तेव्हा ड्रेनच्या पाइपातून पाण्याची धार नीट सुरू झाली. तेव्हापासून कोणाकडे गेलो की पहिल्यांदा पाइपाखाली बादली ठेवायला सांगतो. दमट दिवसात एसी तासभर चालून बादलीत काहीच नसेल तर एकतर पाइप तुंबलाय नाहीतर एसी ओल काढतच नाहीये.

म्हणून ताई, दीड टन घ्याल तो इन्व्हर्टरच घ्या. तो स्लॅब तापलेली असताना पूर्ण जोरात चालेल आणि पहाटे किंवा जुलैत आपोआप हळू होईल, बंद-चालू करत बसणार नाही. पण त्यालाही खाली उतरायची मर्यादा असते, म्हणून इन्व्हर्टर आहे ना मग दोन टन घेऊ, असं करू नका.

आणि एसीच्या आधी सोसायटीला गच्चीबद्दल विचारा, चायना मोझॅक (पांढऱ्या टाइलचे तुकडे बसवतात ते) नाहीतर पांढरा कूल रूफ रंग, म्हणजे स्लॅब कमी तापेल. खिडकीला बाहेरून बांबूचा पडदा लावा, आतून लावलेल्या पडद्यापर्यंत ऊन पोचेस्तोवर ते काचेतून आत आलेलंच असतं.

प्रश्न : नागपूरला स्वतःचं दुमजली घर आहे. खालच्या मजल्यावरचा हॉल १३ बाय १४. कूलर आहेच, पण जूनमध्ये काम करत नाही म्हणून एसी घ्यायचाय. मुलगा पुण्याहून सांगतो दीड टन पुरेल. इथल्या उन्हात पुरेल का?

काका, मुलाचा हिशोब पुण्याचा आहे. एसीची जी कपॅसिटी लिहितात ती बाहेर ३५ डिग्री धरून मोजलेली असते आणि तुमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. बाहेरची हवा जितकी तापलेली तितकी आउटडोअर युनिटला गरमी बाहेर टाकायला जड जातं, म्हणजे नेमकं लागतं तेव्हाच एसीची ताकद घटते. तुमचा हॉल १८२ फूट, म्हणजे काठाच्या पुढेच, मी दोन टन सांगेन, इन्व्हर्टर. डोंबिवलीच्या ताईंना मोठ्याची भीती घातली ती मे महिन्यात तुम्हाला लागू नाही, तुमची हवा तेव्हा कोरडी असते, आणि जूनच्या दमट हवेत इन्व्हर्टर हळू चालून सांभाळून घेईल. जास्त तापमानाला किती वॉट मिळतात ते काही कंपन्या माहितीपत्रकात देतात, ते मागून घ्या.

आउटडोअर युनिट पश्चिमेच्या उन्हात नको, आणि ग्रिलने बंद केलेल्या बाल्कनीत तर अजिबात नको, स्वतःची गरम हवा स्वतःच परत ओढतं.

कूलर मात्र विकू नका. एप्रिल-मे मध्ये वाळ्याच्या जाळ्या लावून तो मस्त चालतो, बिल एसीच्या मानाने कितीतरी कमी. जूनमध्ये हवेत आधीच पाणी असतं म्हणून कूलरचं पाणी उडत नाही आणि गारवा येत नाही, तेव्हा एसी. फक्त दोन्ही एकाच वेळी लावू नका, कूलर खोलीत पाणी भरणार आणि एसी तेच काढत बसणार.

प्रश्न : पुण्यात फ्लॅट आहे, दीड टन पक्कं झालंय. थ्री स्टार आणि फाइव्ह स्टारमध्ये सहा-सात हजारांचा फरक आहे, वसूल होतो का?

तुम्ही किती तास लावता त्यावर. लेबलवर वर्षाचे युनिट लिहिलेले असतात ते १६०० तासांचे. तुम्ही रोज ८ तास, चार महिने लावलात तर ९६० तास, म्हणजे लेबलच्या ६० टक्के. समजा दोन लेबलांमध्ये २०० युनिटचा फरक आहे, तुमचे वाचणार १२०. युनिटला १० रुपये धरले तर वर्षाला १२०० रुपये, पाच-सहा वर्षं लागतील. दुपारीही एसी लागत असेल, घरून काम असेल, तर फाइव्ह स्टार डोळे मिटून घ्या. महावितरणच्या बिलात महिन्याला ३०० युनिटच्या वर गेलं की दर चढतो, तेही या हिशोबात धरा. फक्त रात्री झोपताना, तेही एप्रिल-मे, एवढंच असेल तर थ्री स्टार घेऊन उरलेल्या पैशात वायरिंग तपासून घ्या, एसीला स्वतंत्र लाइन आणि १६ अँपिअरचा पॉइंट पाहिजे, गिझरच्या लाइनवरून जोडलेला नको.

प्रश्न : आई-बाबा दोघंही सत्तरीच्या पुढचे. खोली ११ बाय ९, मधला मजला, ऊन नाही. एसी लावला की आईचे सांधे आखडतात पण उन्हाळ्यात झोपही लागत नाही. छोटा, पाऊण टनाचा घेऊ का?

खोली ९९ फुटांची, मधल्या मजल्यावरची, दोनच माणसं, त्यामुळे पाऊण टन अगदीच चूक नाही, पण मी एक टन इन्व्हर्टर घेईन, मे महिन्यात पाऊण कमी पडतो. आईंचा त्रास टनामुळे नाहीये, अंगावर येणाऱ्या झोतामुळे आहे. इनडोअर युनिट पलंगाच्या पायाशी किंवा डोक्यावर लावू नका, बाजूच्या भिंतीवर लावा, पट्ट्या वर करून ठेवा म्हणजे हवा छताला लागून खाली उतरेल. २०२० पासून नवे एसी २४ वर सुरू होतात, तेही त्यांना गार पडेल. २७ वर ठेवा आणि पंखा एक नंबरवर. पहिल्या रात्री आईंना विचारा, चादर पायापर्यंत घ्यावीशी वाटली का, की खांद्यापर्यंत ओढली. खांद्यापर्यंत ओढली असेल तर २८ करा.