इंग्रजीतले बारा काळ पाठ आहेत, तरी बोलताना ‘हॅव’ कुठे लावायचं ते कळत नाही. काय करू?

बाराही काळ एकदम धरू नका. रोजच्या बोलण्यात साधा वर्तमान, चालू वर्तमान, साधा भूत, पूर्ण वर्तमान (‘हॅव’ लागतो तो काळ) आणि ‘विल’ एवढ्यावर बरंच भागतं. बाकीचे वाचताना आपोआप ओळखीचे होतात.

खरी अडचण पूर्ण वर्तमानाची आहे, कारण तिथे मराठीची सवय आड येते. आपण सहज म्हणतो, ‘मी तो सिनेमा काल पाहिला आहे.’ इंग्रजीत ‘यस्टरडे’ आला की ‘हॅव’ चालत नाही. ‘आय सॉ इट यस्टरडे’ असंच म्हणावं लागतं. काल, गेल्या वर्षी, २०१९ मध्ये असा संपलेला वेळ सांगितला की साधा भूतकाळ. वेळ न सांगता फक्त अनुभव सांगायचा असेल तर ‘आय हॅव सीन इट’.

याच्या उलटही होतं. ‘मी २०१५ पासून इथे राहतो’ हा मराठीत वर्तमानकाळ, पण इंग्रजीत ‘आय हॅव लिव्ड हिअर सिन्स २०१५’. ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स’ ही चूक फार जणांकडून होते.

तक्ते बाजूला ठेवा. रोज रात्री दिवसभरात काय केलं ते पाच वाक्यांत लिहा आणि प्रत्येक वाक्यात वेळ सांगितली आहे का, एवढंच तपासा.