जांघेत वारंवार येणारे फोड हा गुप्तरोगच असतो का?

आपण लिहिले आहे की, दोन वर्षांपासून दर दीड-दोन महिन्यांनी जांघेत दुखरी गाठ येते, ती पिकते, फुटते आणि काळसर डाग ठेवून जाते; हा गुप्तरोग निघेल या भीतीने आपण तपासणी टाळत आहात. मी डॉक्टर नाही, परंतु हीच भीती मी चार वर्षे बाळगली, पत्नीपासूनही लपवली, म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्या रक्ताच्या सर्व तपासण्या निर्दोष आल्या, तरी फोड येतच राहिले. शेवटी एका त्वचारोगतज्ज्ञांनी विचारले, "काखेतही येतात का?" येत होते, पण त्या दोन गोष्टींचा संबंध असेल, असे मला कधी वाटलेच नव्हते. आजाराचे नाव निघाले हायड्राडेनायटिस सप्युरेटिव्हा. यात केसाच्या मुळाची नळी बुजते, आत साचलेले फुटून आजूबाजूला दाह होतो, आणि म्हणून जांघ, काख, नितंब, स्तनांखालची घडी अशा घासल्या जाणाऱ्या जागी गळवे पुन्हा पुन्हा उठतात. हा आजार शरीरसंबंधांतून पसरत नाही आणि अस्वच्छतेमुळेही होत नाही. हे ऐकले तेव्हा मला रडू आले होते. धूम्रपान व वाढलेले वजन यांच्याशी मात्र त्याचा संबंध आढळतो.

आपल्या वर्णनावरून मला हीच शंका येते, तथापि ती शंकाच समजावी. साधे केसतूडही वारंवार होऊ शकते, विशेषतः केस काढल्यानंतर किंवा मधुमेह असल्यास. खाज सुटणारा, कडा उठावदार असलेला गोल चट्टा असेल, तर बहुधा गजकर्ण, म्हणजे त्वचेवरील बुरशीचा संसर्ग, असते. त्यावर स्टेरॉइड मिसळलेले मलम लावल्यास खाज तात्पुरती थांबते आणि बुरशी पसरत राहते, म्हणून असे मलम स्वतःच्या मनाने लावू नये.

संबंधांतून होणाऱ्या आजारांपैकी वारंवार उलटणारा मुख्य आजार म्हणजे जननेंद्रियांचा हर्पिस. त्यात आधी आग किंवा मुंग्या जाणवतात, मग पाणी भरलेल्या बारीक पुटकुळ्यांचा झुबका येतो, त्या फुटून उथळ, दुखरे व्रण होतात आणि बहुधा एक-दोन आठवड्यांत भरतात. हा विषाणू शरीरात वर्षानुवर्षे गुपचूप राहू शकतो, त्यामुळे निदान हर्पिसचे झाले तरी तो जोडीदाराच्या बेइमानीचा पुरावा ठरत नाही. सिफिलिसचा व्रण सहसा एकटा, कडक आणि न दुखणारा असतो व उपचारांविना तीन ते सहा आठवड्यांत भरून येतो. आजार मात्र आत तसाच राहतो. त्यामुळे न दुखणाऱ्या व्रणाकडे तर मुळीच दुर्लक्ष करू नये.

माझी कळकळीची विनंती आहे की, फोड ताजा असतानाच, शक्यतो पहिल्या दोन दिवसांत, त्वचा व गुप्तरोगतज्ज्ञांकडे जावे. व्रणातील द्रवाची पीसीआर तपासणी (त्यातील विषाणूचे जनुकीय अंश शोधणारी) तेव्हाच अधिक विश्वासार्ह ठरते. व्रण सुकल्यावर गेल्यास डॉक्टरांपुढे केवळ डाग आणि आपल्या आठवणी उरतात. सिफिलिस व एचआयव्हीची रक्ततपासणी आणि रक्तातील साखर यांविषयीही विचारावे. निदान होईपर्यंत फोड दाबून फोडू नये आणि व्रण असताना संबंध टाळावेत, कारण निरोध जांघेची त्वचा झाकत नाही. ताप आला किंवा लाली झपाट्याने पसरू लागली, तर त्याच दिवशी दाखवावे.

मला दुखणे तोंडाने सांगवत नव्हते. म्हणून फोड कोणत्या तारखांना, कुठे आले आणि मी काय काय लावले, एवढे एका कागदावर लिहून तो डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांनी तो वाचला आणि काखेचा प्रश्न त्यानंतरच विचारला.