वाचकांचे प्रश्न : लेकीकडे स्पेनला कायमचं जाऊ का?

प्रश्न : माझं वय ६७. शाळेतून निवृत्त झाले, ठाण्यात चरईत राहते. यजमान चार वर्षांपूर्वी गेले. मुलगी आणि जावई सहा वर्षांपासून स्पेनमध्ये वलेन्सियाला आहेत. दोघंही नोकरी करतात. मुलगी म्हणते, "आई, घर बंद कर आणि कायमची इकडेच ये." मला स्पॅनिश येत नाही, इंग्रजीही बेताचंच. मी शाकाहारी आहे. रक्तदाब आणि साखरेच्या गोळ्या चालू आहेत. या वयात तिथे माझं कसं होईल?

उत्तर : ताई, जा जरूर, पण घर बंद करू नका. मी वलेन्सियात मुलाकडे आठ वर्षं राहिले आणि धाकट्या बहिणीजवळ राहायचं म्हणून गेल्या वर्षी नौपाड्यात परत आले. त्या अनुभवावरून सांगते.

आधी शेंगेन व्हिसावर, म्हणजे स्पेनसह युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या थोड्या दिवसांच्या व्हिसावर जा. त्यावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. ते दिवस जानेवारी ते मार्च असे निवडा. उन्हाळ्यात समुद्रकाठचं ते गाव कुणालाही आवडतं. थंडीत मात्र जुनी घरं आतून गार पडतात, फरशीवर पाय ठेववत नाही. इमारतीला लिफ्ट आहे का, हेही मुलीला आत्ताच विचारा.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे, की दोघंही कामावर जातात. म्हणजे सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा तुम्ही घरात एकट्या. चरईत दूधवाला येतो, शेजारीण डोकावते, जांभळी नाक्यावर भाजी घेताना दहा जणी भेटतात. तिथे आपणहून बाहेर पडलं नाही, तर दिवसभरात एकही शब्द बोलायची वेळ येत नाही. पहिले चार महिने माझे असेच गेले. मुलगा आला की मी इतकी बोलायची की तो थकून जायचा, आणि मग मला वाईट वाटायचं.

त्यातून मला बाहेर काढलं एका वाक्यानं : "किएन एस एल उल्तिमो?" म्हणजे, शेवटचं कोण? बाजारात, दवाखान्यात लोक रांग करून उभे राहत नाहीत, हवे तिथे बसतात. नवीन आलेल्यानं हा प्रश्न विचारायचा. कुणीतरी "यो" म्हणतं, म्हणजे "मी". त्या माणसानंतर आपला नंबर. आपल्यानंतर कुणी आलं आणि त्यानं विचारलं की मग आपण "यो" म्हणायचं. मी पहिल्यांदा तसं म्हटलं ते मेर्कादो सेंत्रालमध्ये, १९२८ साली उघडलेल्या तिथल्या मोठ्या मंडईत, टोमॅटोच्या गाळ्यापुढे. त्या दिवशी या गावात आपलीही जागा आहे असं वाटलं. गाळ्यावरच्या भाजीला मात्र हात लावायचा नाही, विकणारी बाई निवडून देते. दवाखान्याच्या खोलीत किंवा लिफ्टमध्ये शिरताना "बुएनोस दियास" आणि निघताना "आस्ता लुएगो" म्हणायचं, माणूस अनोळखी असला तरी. न बोलणारा तिथे उद्धट ठरतो.

आता नावाचं. याबद्दल मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. स्पॅनिश माणसाला दोन आडनावं असतात, साधारणपणे पहिलं वडिलांकडचं आणि दुसरं आईकडचं. बायका लग्नानंतर नाव बदलत नाहीत. आपलं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव अशी आपली रीत त्यांच्या अर्जात बसत नाही. माझ्या एका कार्डावर यांचं नाव माझं पहिलं आडनाव म्हणून छापून आलं. एकदा दवाखान्यात त्याच नावानं पुकारलं. हे जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. परक्या देशात अचानक यांचं नाव ऐकलं आणि मी उठूच शकले नाही. नंबर गेला. म्हणून सांगते, प्रत्येक अर्जावर नाव पासपोर्टात आहे तसंच लिहा आणि कार्ड हातात आलं की तिथल्या तिथे वाचून पाहा. लग्नाचा दाखला, मुलीचा जन्मदाखला यांत तुमची नावं वेगवेगळी असतील, तर ती दुरुस्ती इथूनच करून जा. ज्या कागदांवर अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद खरा धरला जावा म्हणून लावायचा सरकारी शिक्का लागतो, त्यांवर तो भारतातच घ्यावा लागतो आणि मग शपथबद्ध अनुवादकाकडून स्पॅनिश भाषांतर करून घ्यायचं.

कायमचं राहायचं ठरलं, तर मुलीकडे दीर्घकालीन निवासाचा परवाना आहे का ते पाहा. तो पाच वर्षांच्या कायदेशीर वास्तव्यानंतर मिळतो. तो असेल तर ६५ वर्षांवरच्या, आपल्यावर अवलंबून असलेल्या आईला बोलावता येतं, पण ते अवलंबून असणं कागदोपत्री दाखवावं लागतं. नोकरी न करता स्वतःच्या पैशावर राहण्याचा दुसरा व्हिसा आहे. त्याला महिन्याला २,४०० युरो, म्हणजे दोन लाख रुपयांहून जास्त उत्पन्न दाखवावं लागतं. शिक्षिकेच्या पेन्शनवर तो जमणं कठीण.

गोळ्यांचं सोपं आहे. डॉक्टरांकडून कंपनीचं नाव नको, औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. मेटफॉर्मिनला तिथे मेतफोर्मिना म्हणतात, अ‍ॅम्लोडिपिनला अम्लोदिपिनो. साखरेचे आकडेही आपल्यासारखेच मोजतात. अडीअडचणीला ११२ नंबर.

जेवणात डाळी, छोले, तांदूळ, चण्याचं पीठ सगळं मिळतं. पोहे आणि मसाले रुसाफा भागातल्या दुकानांत मिळतील. हॉटेलात मात्र नुसतं "मांस नको" म्हणून भागत नाही, कारण हॅम आणि ट्यूना मासा यांना तिथे बरेच जण मांस समजत नाहीत. "सिन खामोन, सिन आतून" असं वेगळं सांगा. बटाट्याच्या तोर्तियात, म्हणजे तिथल्या जाड ऑम्लेटमध्ये, अंडं असतं.

मार्चमध्ये तुम्ही तिथे असाल तर फायास हा वलेन्सियाचा सण बघा. गल्लीगल्लीतली मंडळं वर्षभर वर्गणी काढून उंचच उंच पुतळे उभे करतात आणि १९ तारखेच्या रात्री जाळतात. आग लागली की लेझीम खेळणाऱ्या आपल्या पोरींएवढ्या मुली ढसाढसा रडतात. मला तेव्हा तलावपाळीवरचं विसर्जन आठवायचं.

जायच्या आधी तीन महिने रोज रात्री साडेदहाला मुलीला फोन करा. थंडीच्या दिवसांत तेव्हा तिच्याकडे संध्याकाळचे सहा वाजलेले असतात. तेवढा वेळ तिच्याशी फक्त स्पॅनिशच बोला, पाच वाक्यं का होईनात. आणि तुमच्यासाठी घराची वेगळी किल्ली करून ठेवायला सांगा. तिथली दारं नुसती ओढली की बंद होतात. बाहेर पडताना किल्ली आधी हातात घ्या, मग दार ओढा.