ढगांवरून वारा कळतो, मग लेसरवाला उपग्रह कशाला?

तुमचा प्रश्न असा की इन्सॅटच्या चित्रात ढग सरकताना दिसतात, त्यावरून वारा काढता येतो, मग युरोपने लेसरने वारा मोजणारा एओलस उपग्रह का पाठवला. ढगांवरून वारा रोज काढतातच, पण ढग किती उंचीवर आहे हे अंदाजाने धरावं लागतं आणि ती उंची चुकली की वारा भलत्याच थरात जाऊन बसतो. आपला ओशनसॅट उपग्रह फक्त समुद्राच्या पृष्ठभागालगतचा वारा सांगतो. हवामान मोजणारे बलून उत्तम, पण ते बहुतेक जमिनीवरूनच सुटतात, हिंदी महासागर जवळजवळ मोकळाच राहतो.

22 ऑगस्ट 2018 ला गेलेला एओलस 320 किमीवरून अल्ट्राव्हायोलेट लेसरचे सेकंदाला 50 पल्स तिरके खाली सोडायचा. हवेच्या रेणूंवरून, धुळीवरून, ढगांवरून जो जरासा प्रकाश परत यायचा त्याला किती वेळ लागला यावरून उंची आणि फ्रिक्वेन्सी किती सरकली यावरून वेग. सेकंदाला 1 मीटर वारा म्हणजे फ्रिक्वेन्सीत 15 कोटींत एक भाग फरक, आणि मोजणारा स्वतः सेकंदाला साडेसात किमीच्या वर पळतोय! मला तर हे अजूनही अफाट वाटतं.

आता आपल्या कामाचं. युरोपच्या अक्षांशांवर तापमान आणि दाब कळले की पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाऱ्याचा बराचसा हिशेब लागतो, विषुववृत्ताजवळ तो परिणाम इतका क्षीण होतो की वारा थेट मोजण्याला पर्याय नाही. म्हणूनच एओलसचा मोठा फायदा उष्ण कटिबंधात दिसला. अर्थात दाट ढगांतून लेसर आरपार जात नाही, त्यामुळे ऐन जुलैत अरबी समुद्रावर जाड ढगांखालचा वारा त्यालाही दिसायचा नाही, हे धरूनच बोलायला हवं.

सुरुवातीला त्रासही झाला, दुर्बिणीच्या आरशाचं तापमान थोडं बदललं तरी वाऱ्याचे आकडे सरकायचे, ते दुरुस्त करावं लागलं. तरी जानेवारी 2020 पासून हवामानाचा अंदाज देणाऱ्या युरोपियन सेंटरने (ECMWF) त्याचा डेटा रोजच्या अंदाजाच्या मॉडेलमध्ये घेतला आणि लगेच कोविडमुळे विमानं बंद पडून त्यांच्याकडून येणारी वाऱ्याची माहिती आटली तेव्हा तो फारच उपयोगी पडला.

जुलै 2023 मध्ये त्याला मुद्दाम वातावरणात उतरवून संपवलं. एओलस-2 चं नियोजन 2034 चं आहे, आणि एवढी वर्षं हे मोजमाप बंद ठेवणं मला अजिबात पटत नाही. तोवर ओशनसॅटचे वारे मॉसडॅकच्या (इस्रोच्या उपग्रह-डेटाच्या) साइटवर मिळतात, मे अखेरीस सोमालियाकडचा पट्टा रोज बघत जा, मान्सूनचे वारे तिकडूनच येतात.