शेजाऱ्यांच्या १६० रेसिंग किटसाठी ४०१-केमधून कर्ज काढावे का?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: वय ४१. नॉर्थ कॅरोलायनातल्या कॉन्कर्डला राहतो, शार्लटच्या एका बँकेत एच-१बी व्हिसावर नोकरी करतो. शेजारच्या आजोबांनी मला स्टॉक कारच्या, म्हणजे अमेरिकी शर्यतीच्या गाड्यांच्या, जोडून बनवायच्या प्लास्टिक किटचा नाद लावला. ते नुकतेच गेले. त्यांच्या पत्नी घर विकून मुलीकडे राहायला चालल्या आहेत. न बांधलेली १६० किट त्या मला एकगठ्ठा ७,२०० डॉलरला देताहेत. ईबेवर अशी किट ७० डॉलरला दिसतात, म्हणजे ११,२०० डॉलरचा माल झाला. बचत खात्यात ११,००० आहेत, महिन्याचा खर्च ५,८००. बचतीला हात न लावता ४०१-केमधून, म्हणजे नोकरीतल्या निवृत्तीच्या खात्यातून, कर्ज काढावे, निम्मी किट विकून ते फेडावे आणि निम्मी ठेवावीत असा विचार आहे. पाच-सहा वर्षांत पुण्याला परतायचेही मनात आहे. किटची यादी सोबत पाठवतो.

नमस्कार,

यादी पाठवलीत हे फार बरे केलेत, नाहीतर मला अंदाजानेच बोलावे लागले असते. शार्लट मोटर स्पीडवे तुमच्याच गावात, नामवंत ड्रायव्हर डेल अर्नहार्टचे कॅनापोलिस शेजारी, तसाच नामवंत रिचर्ड पेटीचे लेव्हल क्रॉस त्याच राज्यात. तिथे राहून हा नाद लागला नसता तरच नवल. तुमचा छंद चांगला आहे आणि तो सुटू नये अशी माझी मनापासून इच्छा आहे. पण हा गठ्ठा कर्ज काढून घेऊ नका. का, ते सविस्तर सांगते.

पहिली गोष्ट व्हिसाची, कारण तुमच्या पत्रात तिचा उल्लेखही नाही आणि माझ्या लेखी तीच सगळ्यात गंभीर आहे. एच-१बीवर असताना ज्या कंपनीने अर्ज केला तिच्याकडेच काम करता येते. घरातली जुनी वस्तू विकणे वेगळे, आणि विकून पैसे काढायच्या हेतूने माल घेऊन ८० किट एकेक करून ईबेवर लावणे वेगळे. दुसऱ्या प्रकाराला परवानगीशिवाय केलेला धंदा म्हटले जाऊ शकते, आणि ग्रीन कार्डच्या वाटेवर असा डाग कोणालाच परवडत नाही. इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय एकही किट विक्रीला लावू नका. तुमची कर्जफेडीची सगळी योजना या विक्रीवर उभी आहे, तेव्हा इथेच ती डळमळते.

आता ११,२०० चा हिशेब पाहू. ईबेवर ७० डॉलर दिसतात ती विकणाऱ्याने मागितलेली किंमत. विकल्या गेलेल्या वस्तूंची यादी वेगळी उघडता येते. भाव पाहायचा तो तिथे. तुमच्या यादीत मोनोग्राम कंपनीची १९८० च्या दशकातली, पहिल्या खेपेची किट ४० च्या आसपास आहेत. बाकीची १२० नंतरची, रेव्हेल-मोनोग्राम नावाची, आणि त्यातही बरीच दोन-दोन, तीन-तीन आहेत. चांगल्या ४० ना ७५ डॉलर आणि बाकीच्यांना ३० डॉलर मिळाले असे उदारपणे धरू. ३,००० अधिक ३,६००, म्हणजे ६,६००. ईबेचे कमिशन साधारण १३ टक्के, ते ८५८ गेले. खोकी, बबल रॅप, टेप यांचे किटमागे दोन डॉलर धरले तरी ३२० गेले. हातात ५,४२२. म्हणजे सगळीच्या सगळी विकूनसुद्धा १,७७८ डॉलरचा खड्डा, आणि ठेवायला एकही किट नाही. फोटो काढणे, वर्णन लिहिणे, पार्सल बांधणे यात किटमागे अर्धा तास धरला तर ८० तास वेगळेच.

ही किट पुढे महाग होतील ही आशाही तपासून पाहायला हवी. किटमध्ये मोल कशाला असते? प्लास्टिकला फारसे नाही. पोलादी साचा शाबूत असेल तर तेच भाग कंपनी पुन्हा ओतू शकते, आणि ओततेही. मोनोग्रामने १९८३ पासून १/२४ मापात या गाड्या आणल्या. पुढे रेव्हेल आणि मोनोग्राम एकत्र आल्या, मग ती कंपनी हॉबिको समूहाकडे गेली, २०१८ च्या जानेवारीत हॉबिकोने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि रेव्हेल जर्मन गुंतवणूकदारांकडे गेली. एवढे मालक बदलूनही जुन्या किटच्या नव्या आवृत्त्या निघत राहिल्या. साल्विनोज जेआर ही कंपनी तर त्या काळातल्या गाड्यांची नवीच किट काढते आहे. दुर्मीळ म्हणून जपलेले किट उद्या दुकानात ताजे येऊन बसले की जुन्याचा भाव पडतो.

सहजी पुन्हा छापता येत नाही तो डिकलचा कागद, म्हणजे पाण्यात भिजवून गाडीवर चिकटवायची नावे-आकडे-जाहिरातींची चित्रे. ड्रायव्हरचे नाव, संघ, प्रायोजक, गाडीची कंपनी, प्रत्येकाची परवानगी वेगळी घ्यावी लागते. नॅस्कार ही या गाड्यांची मुख्य शर्यतमालिका १९७१ ते २००३ विन्स्टन सिगारेटच्या नावाने चालली. त्या काळातल्या तंबाखू नि बिअरच्या जाहिराती नव्या आवृत्तीत छापायला कंपन्या सहसा धजावत नाहीत. म्हणून ड्रायव्हर बिल इलियटच्या जुन्या फोर्ड थंडरबर्डचा मूळ कागद शोधत लोक फिरतात. पण हाच कागद सगळ्यात नाशवंत. उष्णतेने आणि दमटपणाने तो पिवळा पडतो, पाण्यात टाकला की तुकडे होतात. शिवाय स्लिक्ससारख्या छापणाऱ्या कंपन्या वेगळे डिकल विकतात, त्यामुळे मूळ कागदाची मक्तेदारीही पूर्ण नाही. आजोबांनी ही खोकी माळ्यावर ठेवली होती की घरात, हे विचारलेत का? नॉर्थ कॅरोलायनाच्या उन्हाळ्यात माळा किती तापतो ते तुम्हाला माहीत आहे. तिथे दहा-पंधरा वर्षे काढलेल्या खोक्याला मी पाच-दहा डॉलरच्या वर मोजणार नाही.

गिऱ्हाइकांचेही वय वाढते आहे. पेटी, अर्नहार्ट, इलियट यांना टीव्हीवर पाहत मोठी झालेली माणसे आज साठीच्या आसपास आहेत. त्यांचे संग्रह आता असेच, घर आवरताना, बाजारात येताहेत. तुमच्यापुढे आलेला गठ्ठा हे त्याचेच उदाहरण आहे. १९९० च्या दशकात याच गाड्यांची डाय-कास्ट (धातूची तयार) मॉडेल 'मर्यादित आवृत्ती'चे प्रमाणपत्र लावून विकली गेली आणि लोकांनी पेन्शनची सोय म्हणून कपाटे भरली. त्यातली कितीतरी आज तेव्हाच्या किमतीलाही जात नाहीत. आणि समजा नफा झालाच, तर संग्रहाच्या वस्तूंवरच्या दीर्घकालीन नफ्याला अमेरिकेत २८ टक्क्यांपर्यंत कर लागतो. शेअरला तो बहुतेकांसाठी १५ टक्के असतो. पुण्याला परत जाताना हे सामान न्यायचे ठरवलेत तर जहाजाचे भाडे तुमचे, आणि तिथे या किटला गिऱ्हाईक शोधावे लागेल.

कर्जाचे गणित वरवर सोपे दिसते. साडेआठ टक्के व्याज धरले तर पाच वर्षे महिना १४८ डॉलरच्या आसपास हप्ता, आणि व्याज आपल्याच खात्यात जमा. तुम्हाला यात काही गैर वाटले नाही, हे मी समजू शकते. खरा धोका नोकरी गेल्यावरचा. तेव्हा उरलेली रक्कम पुढच्या कर विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत भरता आली नाही तर ती उत्पन्नात धरली जाते, त्यावर कर, आणि वय ५९½ च्या आत असल्याने १० टक्के दंड. पूर्ण ७,२०० बाकी असतील आणि तुम्ही २२ टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर केंद्राचेच २,३०४ डॉलर, राज्याचा कर वेगळा. हे पैसे नेमके अशा वेळी मागितले जातील जेव्हा एच-१बीच्या नियमाने नवी नोकरी शोधायला तुमच्याकडे जास्तीत जास्त ६० दिवस असतील. तुमची बचत आजच दोन महिन्यांना पुरत नाही. हा छंद बाजूला ठेवला तरी मी तुम्हाला ती आधी सहा महिन्यांच्या खर्चाइतकी, म्हणजे ३४,८०० पर्यंत न्यायला सांगितले असते. कंपनी जेवढ्यावर आपला वाटा घालते तेवढी ४०१-केची कपात मात्र अजिबात कमी करू नका.

तुम्ही लिहिले आहे की वर्षाला चारेक गाड्या पूर्ण होतात. या वेगाने १६० किट बांधायला ४० वर्षे लागतील. पण पाच-सहा वर्षांत परतायचे, तर तोवर २४ गाड्या होतील. तेवढीच घ्या. पन्नास डॉलरच्या हिशेबाने १,२०० झाले. महिना १५० डॉलर छंदाचे म्हणून बाजूला काढा, आठ महिन्यांत ते फिटतील. अर्धे आता, अर्धे चार महिन्यांनी चालेल का, असे आजींना सरळ विचारा. ठरलेल्या भावापेक्षा किटमागे पाच डॉलर जास्त देऊन वेचून घेणे हा न्याय्य सौदा आहे, कारण चांगली तुम्ही उचलणार. रंग, प्रायमर, डिकल बसवायचे द्रव यांचा खर्च त्या १५० मध्ये धरलेला नाही. ती हौस किट फिटल्यावर करा, तोवर घरातल्या बाटल्या वापरा.

संग्रह फुटू नये ही तुमची तळमळ पत्रात ओळीओळीत दिसते. आजोबांनी तुम्हाला परक्या गावात आपले मानले, गोंद किती लावायचा इथपासून शिकवले, त्यांचे काही विखरून जाऊ नये असे वाटणे अगदी साहजिक आहे. पण ही बंद खोकी त्यांनी बांधण्यासाठीच घेतली होती. उरलेली १३६ बांधणाऱ्यांच्या हाती जातील याची व्यवस्था तुम्ही एक पैसा न गुंतवता करू शकता. आयपीएमएस या मॉडेलकारांच्या संघटनेच्या अमेरिकेत गावोगावी शाखा आहेत, त्यांच्या स्पर्धांना विक्रीची टेबले लागतात. आजींच्या मुलीला तिथली माणसे जोडून द्या, कोणती किट जुनी नि चांगली ते यादीवर खूण करून द्या. विक्री त्यांची, पैसे त्यांचे, तुम्ही फक्त मदत करणारे शेजारी. एवढ्याने व्हिसाला बाधा येऊ नये, तरी वकिलाशी बोलाल तेव्हा हेही विचारून घ्या.

निवडायला जाल तेव्हा सील नसलेले प्रत्येक खोके उघडून पाहा. डिकल पिवळा असेल तर पारदर्शक पिशवीत घालून काही दिवस उन्हाच्या खिडकीला चिकटवला की बराच उजळतो. एक नको असलेला तुकडा पाण्यात टाकून तो फुटतो का बघा. टायर भागांना टेकून पडले असतील तर तेही तपासा, कारण मऊ विनाइल वर्षानुवर्षे टेकले की पॉलिस्टायरीन, म्हणजे किटचे प्लास्टिक, वितळवते. किटमधली काच आणि रिम धड असतील तरच पन्नास द्या, आणि घरी आणल्यावर टायर आधी वेगळ्या पिशवीत काढून ठेवा.